खाटा मोजणं सोडा, मिलिग्रॅम मोजा

लिग्नोकेन, म्हणजे तेवढीच जागा बधिर करणाऱ्या 'लोकल' भुलेचं औषध. दोन टक्के, ३० मिलीची कुपी. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. एका मिलीत २० मिलिग्रॅम, म्हणजे कुपीभर ६०० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला साधं लिग्नोकेन साधारण २७० मिलिग्रॅमपर्यंत चालतं (किलोमागे साडेचार), ॲड्रेनलिन मिसळलेलं ४२० पर्यंत (किलोमागे सात). म्हणजे कुपी संपण्याच्या बऱ्याच आधी मर्यादा ओलांडली जाते. "लोकलच तर आहे, काही होत नाही" असं कुणी म्हणालं की हा हिशेब करून बघा. ऑपरेशन करणाऱ्या क्लिनिकांना कायदा खाटांवरून मोजतो; मोजायला हवी ती भूल.

केशरोपणात हा हिशेब सगळ्यात जास्त चुकतो. सकाळी डॉक्टर डोक्यामागच्या भागात भूल देतात. दुपारी पुढच्या भागात पुन्हा देतात. चारच्या सुमाराला पेशंट "दुखतंय" म्हणतो, तेव्हा हजर असतो तो टेक्निशियन आणखी पाच मिली टोचतो. मध्येच कुणीतरी भूल जास्त वेळ टिकावी म्हणून ब्युपिव्हॅकेन हे बधिर करणारं दुसरं औषध घातलेलं असतं. दोन्ही औषधांचा विषारी परिणाम एकत्र मोजायचा असतो, दोघांची मर्यादा वेगवेगळी वापरायची नसते. पण दिवसभराची बेरीज एका कागदावर कुठेच नसते. 'एका बैठकीत इतके हजार ग्राफ्ट' (म्हणजे केसांची रोपं) ही जाहिरात म्हणजे जास्त तास, जास्त क्षेत्र आणि अर्थातच जास्त औषध.

आता कायद्याकडे या. महाराष्ट्रात आधार आहे १९४९च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याचा. केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. २०२१मध्ये राज्याचे नियम सुधारले आणि त्यात चांगल्या गोष्टी आल्याही, रुग्णहक्कांची सनद त्यातलीच. पण कायद्याचा पाया तोच राहिला: आजारी, जखमी किंवा अशक्त माणसाला ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा. तिथे खाट हे एकक आहे. लायपोसक्शन (चरबी शोषून काढणं) करणाऱ्या क्लिनिकचा मालक सरळ म्हणू शकतो, आमचा माणूस आजारीही नाही आणि रात्री राहतही नाही. पळवाट म्हणा, पण शब्दांतच ती आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये केशरोपणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. यूट्यूब किंवा कार्यशाळा बघून शिकणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही, असं त्यात लिहावं लागलं यातच सगळं आलं. पण सूचना डॉक्टरला बांधते, जागेला नाही. त्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, हे बघायला कुणी जात नाही.

गंमत म्हणजे विमा कंपनी कायद्यापेक्षा जास्त विचारते. विमा नियामक आयआरडीएआयच्या व्याख्येत बसणाऱ्या डे-केअर केंद्राला (जिथून पेशंट त्याच दिवशी घरी जातो) स्वतःचं सुसज्ज ऑपरेशन थिएटर लागतं, नोकरीवर असलेला पात्र नर्सिंग स्टाफ लागतो, रोजच्या नोंदी लागतात. त्यामुळे मोतीबिंदू करणाऱ्या केंद्रावर क्लेमच्या निमित्ताने का होईना, कुणाची तरी नजर पडते. सौंदर्याच्या ऑपरेशनला सहसा विमाच नाही. रोख पैसे, म्हणून तपासणारा कुणीच नाही. जिथे डोळे सर्वात कमी, तिथेच धोका वाढतोय.

खाट सोडून काय धरायचं? भुलेची पातळी. कॅलिफोर्नियाने १९९६पासून हेच केलं. पेशंटच्या जीवरक्षक प्रतिक्षिप्त क्रिया जाण्याचा धोका असेल इतकी भूल देणार असाल, तर त्या जागेला मान्यता हवी. बोर्डावर क्लिनिक लिहिलंय की हॉस्पिटल, हा प्रश्नच येत नाही. फ्लोरिडाने पातळ्या पाडल्या आणि डॉक्टरच्या ऑफिसात एका वेळी काढायच्या चरबीवर ४००० मिलीची मर्यादा घातली. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, पण मोजायचं काय हे तरी ठरलंय.

आपल्या नोंदणीच्या अर्जात 'खाटा किती'च्या खाली तीन ओळी वाढवल्या तरी पुष्कळ. पहिली ओळ: गुंगी देता का? देत असाल तर पेशंटकडे फक्त लक्ष ठेवणारा माणूस कोण? हातात सर्जरीचं हत्यार असलेला डॉक्टर चालणार नाही. प्रोपोफॉल या गुंगीच्या औषधाला उतारा नाही. श्वास थांबला तर तो हाताने द्यावा लागतो. नाकात ऑक्सिजन चालू असताना श्वास थांबला, तरी बोटावरचा ऑक्सिमीटर काही मिनिटं ९८ दाखवत राहू शकतो. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफची रेष मात्र लगेच सपाट होते. त्यात केशरोपणाच्या पहिल्या टप्प्यात माणूस पालथा झोपलेला असतो. त्याला अरुंद टेबलावर उताणा करून मास्क लावेपर्यंत जो वेळ जातो, तोच महागात पडतो.

दुसरी ओळ: २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) किती? लिग्नोकेन चढलं तर हाच उतारा. किलोमागे दीड मिली दोन-तीन मिनिटांत, मग किलोमागे मिनिटाला पाव मिली. ६० किलोला आधी ९० मिली, नंतर मिनिटाला १५. म्हणजे २५० मिलीची बाटली तेरा-चौदा मिनिटांत संपते. किमान दोन हव्यात, मुदतीतल्या हव्यात आणि त्याच खोलीत हव्यात. 'समोरच्या हॉस्पिटलमध्ये आहे' हे उत्तर धरायचं नाही.

आणि लायपोसक्शनवाल्यांसाठी एक खास ओळ. तिथे लिग्नोकेन भरपूर पाण्यात पातळ करून चरबीत भरतात, म्हणून किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. ते हळूहळू रक्तात उतरतं आणि रक्तातली पातळी शिगेला पोचते साधारण बारा तासांनी. सकाळी दहाला सुरू केलेल्या पेशंटची खरी परीक्षा रात्री दहाला, घरी. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात गुणगुण, जीभ जड. घरच्यांना वाटतं दमलाय, झोपू दे. पुढची पायरी झटक्यांची असते. म्हणून अर्जात हेही विचारा: रात्री दहाला फोन कोण उचलतं, ऑपरेशन केलेला डॉक्टर की रिसेप्शनवरचं रेकॉर्डिंग?