‘प्रत्येक रसायन मर्यादेत आहे’ म्हणून मिश्रण निर्धोक ठरत नाही

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय: प्लास्टिकमधली आणि फवारणीतली रसायनं आपापल्या मर्यादेत असली की गर्भाला धोका नाही, आणि उंदरांवरचे प्रयोग अवाढव्य मात्रांचे असल्याने बिनकामाचे.

‘मर्यादेखाली परिणाम शून्य, शून्यांची बेरीज शून्य.’ पहिली गफलत इथेच. मर्यादा जिच्यावरून ठरते ती ‘परिणाम न दिसलेली मात्रा’ म्हणजे तेवढ्या जनावरांत परिणाम पकडता आला नाही अशी मात्रा. अशा चाचणीत एका गटात साधारण २० गाभण माद्या असतात. एखादं व्यंग खरोखर ५ टक्के विणींत होत असलं, तरी २० पैकी एकाही विणीत ते न दिसण्याची शक्यता ३६ टक्के उरते. डेन्मार्कमधल्या उल्ला हास यांच्या गटाने २००७ मध्ये विन्क्लोझोलिन, प्रोसिमिडोन ही बुरशीनाशकं आणि फ्लुटामाइड हे औषध गाभण उंदरांना एकत्र दिलं. नर पिल्लांत एरवी नाहीशी होणारी स्तनाग्रं टिकून राहण्याच्या निकषावर एकेकट्याचा परिणाम न दिसणाऱ्या मात्रा त्यांनी घेतल्या होत्या. तरी नर पिल्लांचं गुदद्वार ते जननेंद्रिय हे अंतर स्पष्टपणे घटलं.

‘पिल्लं तर धडधाकट जन्मतात.’ नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर जन्मतील! हे अंतर नरात मादीच्या साधारण दुप्पट असतं आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पिल्लू लहान असेल तर अंतरही कमी भरतं, म्हणून वजनाच्या घनमुळाने भागतात. स्तनाग्रं तेराव्या दिवसाच्या आसपास मोजतात, कारण पुढे केसांत ती दिसत नाहीत. उंदरात नरत्व ठरण्याचा काळ गर्भाचे साधारण १५.५ ते १८.५ दिवस; मात्रा त्यानंतर सुरू केली तर हे परिणाम हुकतात. एका विणीतली दहा पिल्लं म्हणजे दहा स्वतंत्र नोंदी धरणं ही तर नेहमीची चूक. मात्रा आईला दिलेली असते, म्हणून एकक वीण.

‘काम करण्याची तऱ्हा वेगळी, मग परिणाम जुळणार कसे?’ डायब्युटिल थॅलेट (थॅलेटं म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) गर्भाच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक बनणं कमी करतं. प्रोसिमिडोन टेस्टोस्टेरॉनच्या ग्राहीवर, म्हणजे पेशीत ते जिथे चिकटून काम करतं त्या जागेवर, जाऊन बसतं. एक नळ बारीक करतो, दुसरा बादलीवर झाकण ठेवतो. बादली भरत नाही ती नाहीच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतल्या अर्ल ग्रे यांच्या गटाने ही दोन्ही एकत्र दिली, तेव्हा जवळपास निम्म्या नरांत मूत्रमार्गाचं छिद्र भलत्या जागी उघडलं. एकेकटी दिल्यावर ते क्वचितच दिसलं होतं.

म्हणून ‘दोन विषं भेटली की परिणाम दसपट’ असं उलट टोकही गाठू नये. बहुतेक प्रयोगांत निघते ती साधी बेरीज.

‘मात्रा अवाढव्य होत्या.’ हे खरं आहे. पाच थॅलेटांच्या २००८ च्या प्रयोगात सर्वांत वरची मात्रा रोज किलोमागे १३०० मिलिग्रॅम होती. माणसाच्या शरीरात जातं ते मायक्रोग्रॅमांत, आणि मर्यादा ठरवताना सहसा १०० ने भागलेलंही असतं. पण त्या प्रयोगातून घ्यायचा तो बेरजेचा नियम, मात्रा नव्हे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये तो वापरला: चार थॅलेटांना मिळून रोज किलोमागे ५० मायक्रोग्रॅम, त्यांतल्या डीईएचपी या थॅलेटाच्या हिशेबात. डायब्युटिलला ५ ने गुणायचं, डीआयएनपी या आणखी एका थॅलेटाला ०.३ ने. समजा, कुणाच्या पोटात रोज किलोमागे मायक्रोग्रॅमांत डायब्युटिल ६, डीईएचपी १५ आणि डीआयएनपी २० गेलं. आधीच्या स्वतंत्र मर्यादा अनुक्रमे १०, ५० आणि १५०; तिन्ही आत. नव्या हिशेबाने ३० अधिक १५ अधिक ६, म्हणजे ५१; ५० च्या वर.