लागोसच्या त्या फॉरवर्डमधलं खरं किती, खोटं किती

मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज आला, "लागोसला जाताय? आधी हे वाचा, जीव वाचेल". भाचा महिनाभर कंपनीच्या कामाला तिकडे चाललाय त्यामुळे लगेच ताईचा फोन, अरे हे खरंय का, तू होतास ना चार वर्षं. होतो, लागोसच्या इलुपेजू भागात राहायचो, जिथे इंडियन लँग्वेज स्कूल आहे आणि भरपूर भारतीय कुटुंबं. तर एकदाच लिहून टाकतो, ताईसाठी आणि ज्यांनी ज्यांनी तो डोळे मिटून पुढे ढकललाय त्यांच्यासाठी पण.

"लागोस ही नायजेरियाची राजधानी असून तिथे इबोला पसरला आहे." राजधानी डिसेंबर 1991 मध्येच अबुजाला गेली हो. आणि इबोला आला होता जुलै 2014 ला, लायबेरियाहून विमानाने आलेल्या एका पेशंटबरोबर, त्याला धरून देशात 20 केसेस झाल्या, 8 जण गेले, पण तिथल्या लोकांनी एकेक कॉन्टॅक्ट शोधून काढला आणि 20 ऑक्टोबरला डब्ल्यूएचओने देश इबोलामुक्त जाहीर केला. तीन महिन्यांत! मेसेजचं एक वाक्य 1991 च्या आधीचं, दुसरं 2014 चं, कुणीतरी जुनी पुराणी ठिगळं जोडून गोधडी शिवलीये.

"यलो फीवरची लस तिथल्या एअरपोर्टवर घेता येते. मलेरियाची काळजी नको, आपण भारतीय, आपल्याला सवय असते." हा पॉइंट मात्र नुसता चुकीचा नाही, घातक आहे. लस घेतल्यावर सर्टिफिकेट लागू व्हायलाच 10 दिवस लागतात, मग एअरपोर्टवर टोचून काय उपयोग? लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या सेंटरवरच मिळते. एकदा घेतली की जन्मभर चालते. आणि लोक विसरतात ते म्हणजे परतीचं, नायजेरियाहून येताना पिवळं कार्ड, म्हणजे या लसीचं सर्टिफिकेट, नसेल तर आपलेच अधिकारी 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात, तिथे वशिला नाही चालत.

मलेरियाचं तर काय सांगू. तिकडचा बहुतेक फाल्सिपेरम, म्हणजे डोक्यात जाणारा, जीव घेणारा प्रकार, त्याला जुनी क्लोरोक्विन दाद देत नाही, आणि मुंबईत दोनदा मलेरिया होऊन गेला म्हणून काही कवच मिळत नाही. जायच्या आधी डॉक्टरला विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या आणि परत आल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करायच्या. घरी आल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी जरी ताप आला तरी डॉक्टरला आधी "नायजेरिया" सांगायचं, मग ताप, आणि टेस्ट त्याच दिवशी.

"ट्रॅफिकमधून सुटायचं तर बाइक-टॅक्सी बेस्ट." त्या बाइकला ओकाडा म्हणतात, आणि 1 जून 2022 पासून इकेजा, लागोस आयलंड, एती-ओसा वगैरे मुख्य भागांत तिच्यावर बंदी आहे, पकडलं तर मागे बसलेला पण अडकतो. एती-ओसा म्हणजे व्हिक्टोरिया आयलंड आलंच त्यात, बहुतेक पाहुणे तिथेच उतरतात. उबर, बोल्ट चालतात, ते घ्या. आतल्या रस्त्यांवर केके, म्हणजे आपली बजाजची रिक्षाच, पिवळी. जुनी माणसं तिला "केके मारवा" म्हणतात, मारवा रागाचा काही संबंध नाही, तिथे मारवा नावाचे लष्करी गव्हर्नर होते. ट्रॅफिकला तिथे गो-स्लो म्हणतात. एअरपोर्ट ते आयलंड रिकाम्या रस्त्याला पाऊण तास, संध्याकाळी तीन तास पण बघितलेत मी, थर्ड मेनलँड ब्रिजवर गाडी ठप्प, खाली खाडी आणि खिडकीशी केळ्याचे वेफर्स, थंड पाण्याच्या पिशव्या, एकदा तर एक जण इस्त्रीचं टेबल विकत होता. फ्लाइटला निघताना हे धरून निघा.

"1 डॉलरला 360 नायरा मिळतात, त्याहून जास्त सांगणारा फसवतोय." जून 2023 ला सरकारने रेट मोकळा सोडला आणि नंतर तो दीड हजाराच्या घरात गेला. या मेसेजवर विश्वास ठेवून 360 ने पैसे बदलले तर फसवणारा कोण, तुम्हीच सांगा. त्या दिवशीचा रेट मोबाइलवर बघून जा, नोटा नव्या आणि 100 च्या न्या, सुट्ट्या डॉलरना भाव कमी देतात.

"शाकाहारी माणूस उपाशी मरेल." अर्धं खरं. तिथे "नो मीट" म्हटलं की मासे येतात, आणि भाजीत सुक्या कोळंबीसारखी क्रेफिशची पूड पडतेच, जोलोफ राइस, म्हणजे टोमॅटो-मिरचीचा लाल भात, तो पण बऱ्याचदा मटणाच्या पाण्यात शिजवतात. पण सकाळी नाक्यावर कढई घेऊन बसलेली बाई शोधा. चवळी भिजवून, साल काढून, वाटून, कांदा आणि जहाल मिरची घालून फेटते आणि चमच्याने तेलात सोडते, ते अकारा. वर्तमानपत्रात गुंडाळून देते, सोबत आगेगे ब्रेड, मऊ, किंचित गोडसर. डोळे मिटून खाल्लं तर वडापावच की. फक्त आधी विचारा, "क्रेफिश डे इनसाइड?", म्हणजे आत क्रेफिश आहे का. तळलेलं पिकं केळं, डोडो, ते बिनधास्त.

"हॉटेलबाहेर पडू नका, बघण्यासारखं काही नाही." लेक्कीच्या जंगलातला 401 मीटरचा झुलता पूल, निके आर्ट गॅलरी, जुन्या तुरुंगाच्या जागी केलेलं फ्रीडम पार्क, दिवसा सगळं आरामात होतं. रात्री उशिरा एकट्याने फिरू नका, गो-स्लोमध्ये काच वर आणि फोन खाली ठेवा, एअरपोर्टचे, पोलिसांचे, आर्मीचे फोटो अजिबात नको. या बाबतीत मेसेज बरोबर आहे, नाही म्हणणार नाही. पावसाचं मात्र त्यात कुठेच नाही, जूनमध्ये सगळ्यात जोर असतो आणि रस्ते तुंबतात. तीन चौकोनी पिनांच्या अडॅप्टरचं पण नाही, आणि लाइट दिवसातून पाच वेळा जाते. आली की सगळी गल्ली ओरडते "अप नेपा!", नेपा म्हणजे तिथलं जुनं वीज मंडळ.

ताई, तुझ्या लेकाची फ्लाइट 12 दिवसांवर आहे आणि काल विचारलं तर लस अजून घेतलेली नाही म्हणाला. हे वाचून झालं की आधी त्याला फोन लाव.