गाण्याला हरकत नाही, पैशाला आहे

रस्त्याच्या कडेला उभा राहून एखादा माणूस तासभर बासरी वाजवतो आणि निघून जातो. या कृतीला बहुतेक शहरांचे नियम फारशी आडकाठी करत नाहीत. तोच माणूस त्याच जागी, तेवढ्याच आवाजात तीच धून वाजवताना पायाशी टोपी उलटी ठेवतो, तेव्हा मात्र अनेक ठिकाणी तो विनापरवाना धंदा करणारा ठरतो, काही ठिकाणी तर थेट भिकारी. दरम्यान आवाज वाढलेला नसतो, रस्ताही अरुंद झालेला नसतो. ऐकणाऱ्याला काही द्यावेसे वाटले तर ते कुठे ठेवायचे याची सोय तेवढी झालेली असते. रस्त्यावरच्या गायक-वादकांवर घातलेल्या स्थानिक निर्बंधांविषयी माझा मुख्य आक्षेप हाच आहे, की लोकांना होणारा त्रास कमी करण्यासाठी म्हणून ते केले जातात आणि प्रत्यक्षात बोट ठेवतात ते मिळणाऱ्या पैशांवर.

आधी त्रासाबद्दलच लिहितो, कारण रस्त्यावरच्या संगीताचे कौतुक करणारी माझ्यासारखी माणसे हा भाग सहसा घाईने उरकतात. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये गणनयंत्राची कल्पना मांडणारा गणिती चार्ल्स बॅबेज रस्त्यावरच्या वाद्यांनी इतका हैराण झाला होता, की आपल्या कामात १६५ वेळा व्यत्यय आल्याची नोंद त्याने ठेवली. त्याच्या या मोहिमेची तेव्हाही थट्टा झाली आणि आजही होते. (त्याच्या खिडकीखाली मुद्दाम वाजवायला येणारे लोक होते, ही गोष्ट मात्र मला कधीच विनोदी वाटलेली नाही.) अखेर १८६४ मध्ये ब्रिटिश संसदेने लंडनपुरता कायदा केला. घरात कोणी आजारी असेल, कामात व्यत्यय येत असेल किंवा दुसरे रास्त कारण असेल, तर रहिवाशाने वादकाला निघून जायला सांगावे आणि त्याने जावे, अशी त्याची रचना होती. या मागणीमागे गरीब परदेशी वादकांविषयीचा तुच्छभाव भरपूर होता. पण कायद्याने विचारलेला प्रश्न सरळ होता, तो म्हणजे घरातल्या माणसाला त्रास होतो आहे का. वाजवणाऱ्याला किती पैसे मिळाले, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

हा त्रास जुन्या काळात संपलेला नाही. लंडनमधील लेस्टर स्क्वेअर या गजबजलेल्या चौकात कलाकारांसाठी अधिकृत जागा आखून दिलेल्या होत्या. तिथल्या एका कार्यालयाने न्यायालयात तक्रार नेली, २०२५ मध्ये न्यायालयाने त्या आवाजाला उपद्रव मानले आणि स्थानिक परिषदेने एप्रिलपासून चौकातील सादरीकरणे थांबवली. या निकालाने कलाकारांच्या बाजूचे अनेक जण चिडले, पण मला त्यामागचे कारण पटते. वाटसरू दोन-तीन मिनिटे ऐकतो आणि पुढे जातो. श्रोता सतत बदलत असल्यामुळे कलाकाराला ठरावीक पाच-सात गाणी पुन्हापुन्हा म्हणणे पुरते, किंबहुना परवडते. वरच्या मजल्यावर काम करणारा माणूस मात्र बदलत नाही. त्याला तीच पाच-सात गाणी दिवसभर आणि आठवडाभर ऐकावी लागतात, तीही ध्वनिवर्धकातून. कितीही गोड गळ्याने गायलेले असले, तरी त्या माणसाने खिडकी का लावून घेतली हे समजायला संगीतद्वेष्टे असण्याची गरज नाही.

परंतु या सगळ्या तक्रारीत टोपी कुठे येते? आवाजावर आवाजाचाच उपाय करता येतो आणि त्यासाठीची साधने जुनी आहेत. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागासाठी ६५ आणि ५५ अशा मर्यादा घालून दिल्या आहेत. ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे नियम याहून नेमके आहेत. फलाटावर ध्वनिवर्धक वापरायचा नाही, पाच फुटांवरून मोजल्यास आवाज ८५ डेसिबलच्या वर जाता कामा नये, तिकीटखिडकीपासून दोन फुटांवर ७० च्या वर जाता कामा नये. ध्वनिवर्धकावरील ही बंदी १९९० मध्ये तिथल्या अपील न्यायालयातही टिकली. मला त्या नियमावलीतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मात्र वेगळेच वाटते. स्थानकांत परवानगी असलेल्या गोष्टींच्या यादीत कलेचे सादरीकरण आहे आणि त्याला जोडूनच ‘देणगी स्वीकारण्यासह’ अशा अर्थाचे शब्द आहेत. ज्या यंत्रणेने फूट आणि डेसिबलपर्यंत हिशेब केला, तिने पैशाचा प्रश्न या मोजक्या शब्दांत निकाली काढला.

तिथवर पोहोचायला त्या शहराला बराच काळ लागला, हेही सांगायला हवे. महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी रस्त्यावरच्या वादकांना परवाने देणे बंद केले, ते १९३६ च्या आरंभापासून; ही बंदी १९७० पर्यंत राहिली. लोकांना आता रेडिओ आहे, ध्वनिमुद्रिका आहेत, सार्वजनिक मैफली आहेत, मग रस्त्यावरच्या वादकाची गरज काय, असा ला गार्डिया यांचा युक्तिवाद होता. त्याच्या मुळाशी हा प्रकार म्हणजे सभ्य वेषातील भीक आहे ही समजूत होती. महामंदीच्या दिवसांत, म्हणजे माणसांना दोन पैशांची सर्वाधिक गरज असताना, हा मार्ग बुजवला गेला. रेडिओ ऐकणाऱ्यांची सोय झाली होती हे खरे. वाजवणाऱ्यांचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्या युक्तिवादात कुठेच नव्हता.

हीच समजूत आपल्याकडे कायद्याच्या व्याख्येतच बसली आहे. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भीक मागणे म्हणजे काय हे सांगताना सार्वजनिक ठिकाणी भिक्षा मागणे किंवा स्वीकारणे असे म्हटले आहे आणि पुढे गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कला सादर करणे, वस्तू विकायला पुढे करणे यांसारख्या बहाण्याने असो वा नसो, अशी जोड दिली आहे. यातला ‘बहाणा’ हा शब्द नीट पाहावा. गाणे हे काम असू शकते, ही शक्यताच तो पुसून टाकतो. पोलिसांना या कायद्याखाली वॉरंटशिवाय ताब्यात घेता येते आणि पहिल्याच वेळी किमान एक वर्ष व कमाल तीन वर्षे प्रमाणित संस्थेत ठेवता येते. न्यायालयाला ताकीद देऊन सोडण्याची मुभा आहे, पण ती न्यायाधीशांच्या समाधानावर अवलंबून आहे. हा कायदा दिल्लीलाही लागू होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्यातील कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. जिथून हा कायदा आला, तिथे ती व्याख्या तशीच राहिली.

गंमत अशी, की कलावंताला मिळणाऱ्या पैशासाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. सभागृहातील गायकाला मिळते ती बिदागी, व्याख्यात्याला मिळते ते मानधन, फडावर मिळतो तो दौलतजादा. ऐकणाऱ्याने खूश होऊन स्वखुशीने दिले, हा भाव बिदागीतही आहे आणि दौलतजाद्यात तर उघडच आहे. मग छप्पर नसलेल्या जागी हाच व्यवहार झाला, की त्याला भीक का म्हणायचे? तिकीट आधी काढावे लागते आणि ऐकून झाल्यावर पैसे परत मागता येत नाहीत. रस्त्यावर मात्र आधी ऐकायचे आणि मग द्यायचे की नाही ते ठरवायचे. माझ्या मते ग्राहकाच्या दृष्टीने हा दुसरा व्यवहार अधिक प्रामाणिक आहे.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. लहान मुलांच्या हाती वाद्य देऊन त्यांना उभे केले जाते, त्यांची कमाई दुसराच कोणी घेतो, आणि गाणे तिथे खरोखरच बहाणा असते. हे घडते. पण अशा वेळी पकडायचा असतो तो मुलांना राबवणारा. त्यासाठी बालकांच्या संरक्षणाचे वेगळे कायदे आहेत. व्याख्येत ‘गाणे’ हा शब्द असल्यामुळे तो राबवणारा सापडत नाही, सापडते ते गाणारे मूल. पैसे देईपर्यंत वाट न सोडणारा, अंगावर येणारा माणूस हाही त्रासच आहे. मात्र त्याला जबरदस्तीचे आणि अडवणुकीचे नियम पुरेसे आहेत, त्याने गाणे म्हटले काय आणि न म्हटले काय.

अमेरिकेतील न्यायालयांनी या मुद्द्यावर बरेच आधी मत दिले आहे. नँटकेट या बेटावरील गावाने एका लोकगीत गाणाऱ्याला फिरत्या विक्रेत्याच्या उपविधीखाली परवाना घ्यायला लावला होता आणि त्यासाठी स्थानिक व्यापाऱ्यांच्या संमतीची अट घातली होती. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील संघराज्य न्यायालयाने ती अट मोडीत काढली आणि श्रोत्यांकडून पैसे स्वीकारल्याने त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण पातळ होत नाही, असे स्पष्ट केले. दुकानदारांच्या संमतीची ही कल्पना आजही निरनिराळ्या रूपांत भेटते. ज्याच्या दारासमोर गायचे त्याची तक्रार ऐकलीच पाहिजे, पण गाणे कोणते चालेल हे त्याने ठरवू नये.

परवाना पद्धतीला माझा सरसकट विरोध नाही. पदपथाची रुंदी ठरलेली असते, एका कोपऱ्यावर चार जण उभे राहू शकत नाहीत, आणि वेळ वाटून घ्यायला कोणीतरी वही ठेवावीच लागते. लंडनच्या भुयारी रेल्वेत जागा आखलेल्या आहेत आणि त्यांचे वेळापत्रक असते. अडचण सुरू होते ती शुल्क कमाईपेक्षा जड झाले, अर्ज ओळखपत्र आणि पत्त्याच्या पुराव्यावर अडला, किंवा चाचणी घेऊन गुण देणारी समिती बसली की. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९८५ पासून निवड चाचणी घेऊन कलाकार घेणारा उपक्रम चालतो, आणि तो मला खटकत नाही, कारण निवड न झालेल्यालाही नियम पाळून स्थानकात वाजवता येते. निवड झालेल्याला चांगली जागा मिळते. न झालेल्याला हाकलून दिले जात नाही. चाचणी हाच एकमेव दरवाजा केला, तर रस्त्याचेही सभागृह होईल, आणि सभागृहे आपल्याकडे आधीच आहेत.

आता टोपीची जागा क्यूआर कोड घेऊ लागला आहे. ऐकणारा घरी पोहोचून रात्री पैसे पाठवू शकतो. हे पैसे सार्वजनिक ठिकाणी स्वीकारले की खासगी, याचा काथ्याकूट एखाद्या न्यायालयात होईलच, आणि तिथे दोन्ही बाजूंचे वकील १९५९ च्या शब्दांचा कीस काढतील. त्याआधी विधिमंडळाला एक छोटी दुरुस्ती सहज करता येईल. त्या व्याख्येतून गाणे, नाचणे आणि कला सादर करणे हे तीन उल्लेख वगळावेत, आणि जागा, वेळ व आवाज यांचे साधे नियम स्थानिक संस्थांनी करावेत. संपूर्ण कायद्याचे काय करायचे हा मोठा प्रश्न आहे. पण हे तीन उल्लेख काढण्यासाठी त्याच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही.