वायू किती आहे, हे चित्रातल्या ठळकपणावरून सांगता येत नाही

‘भूकंपीय चित्रात परावर्तन जितके ठळक, तितका तिथला वायूचा साठा मोठा’ हे भूगर्भातल्या वायूच्या शोधावरच्या लेखातले विधान मला पटले नाही आणि ते दुरुस्त व्हावे असे मनापासून वाटते. भूकंपीय चित्र म्हणजे जमिनीत लहरी सोडून, थरांवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून (परावर्तनांवरून) काढलेले चित्र. खडकाच्या छिद्रांतल्या पाण्यात दोन-तीन टक्के वायू जरी मिसळला, तरी दाबलहरींचा (म्हणजे खडकाला दाबत-सैलावत जाणाऱ्या ध्वनिलहरींचा) वेग एकदम खाली येतो आणि वेगातल्या या फरकामुळेच परावर्तन ठळक होते. त्यानंतर वायूचे प्रमाण कितीही वाढले तरी वेगात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे नुसती पाझरलेली, काढण्याजोगी नसलेली वायूची मात्राही भरलेल्या साठ्याइतकीच उठून दिसते, आणि अशा ठिकाणी खोदलेल्या विहिरी कोरड्या निघाल्याचा अनुभव या व्यवसायाला चांगलाच आहे.

कोकण किनाऱ्याजवळच्या एका सर्वेक्षणात मी रात्रपाळीला पडद्यासमोर असे. चिखलाचे थर रेघेमागून रेघ स्वच्छ उमटत आणि मग एकाएकी खालचे सगळे पुसल्यासारखे होई, कारण वर साचलेला वायू ध्वनी खाली जाऊच देत नसे. हा उथळ वायू बहुधा गाळातले जिवाणू तयार करतात, त्याचा खोल साठ्याशी संबंध असेलच असे नाही. ते ठरवायला नमुना काढून मिथेनमधल्या कार्बनची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) तपासावी लागतात. कर्तनलहरींचा, म्हणजे खडकाला आडवे हलवत जाणाऱ्या आणि पाण्यातून न जाणाऱ्या लहरींचा, तर लेखात उल्लेखच नाही. त्या खडकाच्या सांगाड्यातून जातात आणि वायूने फारशा बिघडत नाहीत, म्हणूनच नॉर्वेच्या टोमेलिटेन क्षेत्रात १९९०च्या दशकात थेट समुद्रतळावर ग्राहकयंत्रे ठेवून वायूच्या पडद्याआडची रचना पाहता आली.