तेल तेच, डबी वेगळी? जरा मोजून बघू

ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, वाढलेल्या माणसाच्या फोनवर हा संदेश कधी ना कधी येतोच. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे ठरलेले असतात. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात ते फिश ऑइल म्हणजे दुकानात सहज मिळणारेच तेल, फक्त डबी वेगळी. त्याचा उपयोग नाही, हे मोठमोठ्या चाचण्यांनी दाखवून दिले आहे. घ्यायचेच तर साधी कॅप्सूल घ्या, नैसर्गिक आहे, अपाय शून्य. तिने हृदय सांभाळले जाते, स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाची, गरज उरत नाही. आणि चिठ्ठीवरचे औषध एकदा सुरू झाले की जन्मभर सुटत नाही.

नीट वाचले तर गंमत दिसते. जे तेल निरुपयोगी म्हणून आधी निकालात काढले, तेच पुढच्या वाक्यात घ्यायला सांगितले आहे. पण हसून सोडून देता येत नाही, कारण यातल्या बहुतेक वाक्यांत थोडे तरी खरे मिसळलेले आहे. म्हणून एकेक मुद्दा सुटा करून बघू.

पहिला मुद्दा: 'तेल तेच.' हो, आहे. औषधाच्या कॅप्सूलमध्येही माशांच्या तेलातून काढलेली ओमेगा-३ मेदाम्लेच असतात. काही औषधांत ईपीए आणि डीएचए ही दोन्ही ओमेगा-३ मेदाम्ले, काहींत नुसते ईपीए. फरक आहे तो मापाचा. सप्लिमेंटच्या डबीवर पुढे मोठ्या अक्षरांत '१००० मिलिग्रॅम' छापलेले असते. ते वजन तेलाचे. डबी फिरवून मागची बारीक अक्षरे वाचली, तर नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम सापडते. कामाचा माल एवढाच, ३०० मिलिग्रॅम. याउलट ओमेगा-३ ॲसिड इथाइल एस्टर्स या नावाने मिळणाऱ्या औषधाच्या १ ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए सुमारे ४६५ आणि डीएचए सुमारे ३७५, मिळून ८४० मिलिग्रॅम असते. ट्रायग्लिसराइड्ससाठी याचा डोस दिवसाला ४ ग्रॅम. म्हणजे ३३६० मिलिग्रॅम.

आता भागाकार करा. तेवढे ओमेगा-३ साध्या कॅप्सूलमधून मिळवायचे तर रोज अकरा गिळाव्या लागतील. संदेश वाचून माणूस घेतो एक, फार तर दोन. तीन महिन्यांनी रिपोर्ट जसाच्या तसा येतो आणि निष्कर्ष निघतो की फिश ऑइल काही कामाचे नाही.

'अकरा तर अकरा, घेतो की', असे म्हणणारेही भेटतात. त्या अकरा कॅप्सूलमध्ये ओमेगा-३ सोडून उरलेले पावणेआठ ग्रॅम इतर तेल असते, आणि रक्तातली चरबी उतरवायला निघालेल्या माणसाने ते रोज वर प्यायचे. शिवाय ही मेदाम्ले हवा आणि उष्णता लागली की लवकर खवट होतात. कॉड लिव्हर ऑइल घेऊन हा हिशेब जुळवायला गेलात तर प्रकरण आणखी बिघडते. यकृताच्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्वे असतात आणि ती अशी मापाबाहेर गेली तर अंगाशी येतात. जास्त तीव्रतेच्या सप्लिमेंट्सही मिळतात, हे मान्य. पण अमेरिकेत १९९४ पासून सप्लिमेंट्सचा कायदा औषधांपेक्षा वेगळा आहे: बाजारात येण्यापूर्वी ती परिणामकारक असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. औषधाला ते करावे लागते. डब्या वेगळ्या असण्याचे खरे कारण हे आहे.

(डबीवरून आठवले. हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये 'ओमॅकॉर' नावाने मंजूर झाले. रक्तस्राव थांबवणाऱ्या 'ॲमिकार' या औषधाशी नावाचा घोळ होऊ लागला, म्हणून २००७ मध्ये त्याचे 'लोवाझा' झाले. चिठ्ठीवरचे अक्षर किती महागात पडू शकते, त्याचा हा एक पुरावा.)

आता चाचण्यांकडे. 'उपयोग नाही हे सिद्ध झाले आहे' असे कोणी म्हटले की माझा एकच प्रश्न असतो: कशासाठी उपयोग नाही? संदेशात ज्या चाचण्यांकडे बोट असते त्या बहुधा २०१८ मधल्या दोन. 'व्हायटल'मध्ये २५,८७१ लोक होते, 'असेंड'मध्ये मधुमेह असलेले १५,४८०. दोन्हींत डोस दिवसाला १ ग्रॅम. ट्रायग्लिसराइड्स वाढलेले आहेत म्हणून कोणाला निवडलेले नव्हते. मोजायचे होते ते हृदयविकाराचे झटके, पक्षाघात अशा घटना, आणि त्यांत ठोस फरक पडला नाही. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकांनीही म्हटले की दिवसाला १ ग्रॅम घेऊन हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे पुढचे त्रास टळत नाहीत. पण ट्रायग्लिसराइड्ससाठीचा वापर त्यांनी चालू ठेवला. संदेशात पहिले वाक्य येते, दुसरे गळते.

४ ग्रॅमच्या डोसने ट्रायग्लिसराइड्स उतरतात, याबद्दल फारसा वाद नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ मध्ये उपलब्ध पुरावा एकत्र मांडला. २०० ते ४९९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या टप्प्यात साधारण २० ते ३० टक्के घट, आणि ५०० च्या वर ३० टक्के किंवा अधिक. हे घडते यकृतात. यकृत जादा मेदाम्लांपासून ट्रायग्लिसराइड्स तयार करते आणि व्हीएलडीएल नावाच्या गाठोड्यांत बांधून रक्तात सोडते. ओमेगा-३ मुळे तयार होणारा माल कमी होतो, मेदाम्ले जाळण्याकडे वळतात, आणि जी गाठोडी बाहेर पडली आहेत तीही रक्तातून लवकर उचलली जातात.

ती उतरवायची कशासाठी, हे संदेश लिहिणाऱ्याला ठाऊकच नसावे. १५० च्या खालचा आकडा ठीक, २०० पासून वाढलेला, ५०० पासून फार वाढलेला. ५०० ओलांडल्यावर पहिली काळजी असते स्वादुपिंडाची. आकडा हजारावर गेला की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका बराच वाढतो, आणि तो दाह म्हणजे पोट बिघडणे नव्हे. वरच्या पोटात उठून पाठीत जाणारी कळ, उलट्या, रुग्णालय. काही जणांच्या जिवावर बेतते. या औषधाला मूळ मंजुरी मिळाली ती याच ५०० च्या वरच्या लोकांसाठी, आहाराच्या पथ्याला जोड म्हणून. अर्थात दाह सुरू झाल्यावर हे औषध कामाचे नाही. त्याला परिणाम दाखवायला आठवडे लागतात. आणि काही लोकांत ट्रायग्लिसराइड्स फोडणारे विकरच (एन्झाइम) जन्मजात काम करत नाही. त्यांना फिश ऑइलचा फायदा जेमतेम होतो, तिथे आहारातली एकूण चरबीच अगदी थोडी ठेवावी लागते.

मग 'हृदय सांभाळले जाते' याचे काय? सगळ्यात गुंतागुंतीचा मुद्दा हाच.

आकडा उतरला म्हणजे हृदयाचा धोका उतरला, असे गृहीत धरता येत नाही. २०२२ मध्ये 'प्रॉमिनंट' चाचणीत टाइप २ मधुमेह असलेल्या १०,४९७ लोकांवर पेमाफायब्रेट वापरून पाहिले. हे वेगळे औषध आहे, फिश ऑइल नव्हे. ट्रायग्लिसराइड्स साधारण २६ टक्क्यांनी उतरले. झटके आणि पक्षाघात मात्र कमी झाले नाहीत.

दुसरीकडे 'रिड्यूस-इट'. ही चाचणी नुसत्या ईपीएच्या औषधाची, म्हणजे आयकोसापेंट इथाइलची. ८,१७९ लोक, सगळे स्टॅटिनवर, काहींना आधीच हृदयविकार, बाकीच्यांना मधुमेह आणि इतर जोखीम. दिवसाला ४ ग्रॅम, जवळजवळ पाच वर्षे. हृदयरोगाच्या मोठ्या घटना प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्या, गटात २२.० टक्के लोकांत घडल्या, औषधाच्या गटात १७.२ टक्के. हा फायदा ट्रायग्लिसराइड्स १५० च्या खाली आले त्यांनाही मिळाला आणि आले नाहीत त्यांनाही. म्हणजे श्रेय निव्वळ त्या आकड्याला देता येत नाही. या निकालाच्या जोरावर २०१९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्या औषधाला हृदयाचा धोका कमी करण्यासाठीही मंजुरी मिळाली.

इथवर सांगून थांबलो तर मीही अर्धेच खरे सांगितले असे होईल. 'रिड्यूस-इट'मध्ये प्लासिबो म्हणून खनिज तेल दिले होते, आणि त्या गटात एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, व रक्तातून सूज दाखवणारा सीआरपी दोन्ही वाढले. त्यामुळे तुलनेचा गटच थोडा बिघडला होता का, हा प्रश्न उभा राहिला. मग आली 'स्ट्रेंथ': १३,०७८ लोक, ईपीए आणि डीएचए मिळून, दिवसाला ४ ग्रॅमच, पण प्लासिबो मक्याच्या तेलाचा. फायद्याची आशा दिसेना म्हणून २०२० मध्ये ती मध्येच थांबवली. फरक ईपीए आणि डीएचएचा की प्लासिबोचा, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. मला विचाराल तर नुसत्या ईपीएचा फायदा खरा असावा, पण कागदावर दिसतो त्याहून लहान. एवढे मात्र पक्के की तो फायदा एका ठरावीक औषधाचा, ठरावीक डोसचा आणि आधीच जोखमीत असलेल्या माणसांचा आहे. दुकानातली एक कॅप्सूल घेऊन तो आपल्या नावावर जमा होत नाही.

'स्टॅटिनची गरज नाही' याचे उत्तर वरच आले. ज्या चाचणीत फायदा दिसला त्यातला प्रत्येक जण स्टॅटिनवर होता. औषध स्टॅटिनच्या जोडीला तपासले गेले, जागी नव्हे.

'नैसर्गिक आहे, अपाय शून्य.' माशाच्या वासाची ढेकर, पोटात अस्वस्थता, इतपत सगळ्यांनाच माहीत असते. त्यापलीकडचे सांगतो. मोठ्या डोसवर एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित पडण्याचा धोका वाढतो. 'रिड्यूस-इट'मध्ये त्यासाठी रुग्णालयात जावे लागलेले लोक औषधाच्या गटात ३.१ टक्के होते, प्लासिबोत २.१. 'स्ट्रेंथ'मध्येही हा त्रास औषधाच्या गटात जास्त निघाला. आधीच ठोक्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगायला हवे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर तेही, कारण रक्तस्रावाकडे कल थोडा वाढतो. आणि ईपीए-डीएचए एकत्र असलेल्या औषधाने ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असलेल्यांत एलडीएल वाढू शकते. मंजुरीच्या वेळच्या चाचण्यांत ती वाढ सुमारे ४५ टक्के होती. अशा लोकांचे एलडीएल सुरुवातीला कमीच असते, म्हणून टक्का दिसतो तितका आकडा भयंकर नसतो, पण तपासत राहावे लागते. नुसत्या ईपीएच्या औषधात ही अडचण आढळली नाही. इथे रिपोर्ट वाचतानाही एक खाच आहे: बऱ्याच प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत, १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात, आणि ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असले की ते सूत्र चालत नाही. तिथे नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल (एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून उरते ते) बघावे, किंवा एलडीएल थेट मोजायला सांगावे.

याच संदेशाच्या काही आवृत्त्यांत शाकाहारी लोकांसाठी जवसाच्या तेलाची पुरवणी असते. जवसात एएलए नावाचे वेगळे ओमेगा-३ असते. शरीर त्यातले फारच थोडे ईपीएत बदलते. या कामासाठी ते चालत नाही. शेवाळापासून काढलेले ओमेगा-३ निराळे, त्यात डीएचए आणि काहींत ईपीए थेट असते, पण डबीच्या मागचा हिशेब तिथेही करावाच लागतो.

ट्रायग्लिसराइड्स वाढलेच का, याबद्दल संदेशात अवाक्षर नाही. मद्य, साखर, ताब्यात नसलेला मधुमेह, मंदावलेली थायरॉइड, मूत्रपिंडाचे काही आजार, स्टिरॉइड, इस्ट्रोजेन, मुरुमांसाठीचे रेटिनॉइड. यातले कारण सापडले आणि दूर झाले तर कधी कधी आकडा कॅप्सूलशिवायच निम्म्यावर येतो. वजन ५ ते १० टक्के उतरले तर ट्रायग्लिसराइड्स साधारण २० टक्क्यांनी उतरतात, म्हणजे या औषधाच्या तोडीस तोड. फिश ऑइल लिहून देण्याआधी डॉक्टर साखर आणि थायरॉइड तपासायला सांगतात ते याचसाठी. त्या दोन तपासण्या टाळून थेट कॅप्सूल मागणारे मी खूप पाहिले आहेत.

राहिला शेवटचा मुद्दा, 'एकदा लागले की सुटत नाही'. ज्या औषधाबद्दल हे म्हटले जाते त्याच्याच माहितीपत्रकात लिहिलेले आहे की दोन महिन्यांत पुरेसा परिणाम दिसला नाही तर ते बंद करावे. त्या दोन महिन्यांत गोळ्या उपाशीपोटी न घेता जेवणाबरोबर घेतल्या होत्या का, तेवढे मात्र आधी विचारून घ्यावे. इथाइल एस्टरचे शोषण जेवणातल्या चरबीबरोबरच नीट होते.