‘डबकं बुजवा, गरिबाला घर द्या’ या फॉरवर्डला उत्तर

धाकट्या बहिणीने हा मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, “दादा, यात चूक काय आहे?” ती पहिलं घर शोधते आहे, म्हणून राहवलं नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पाणथळ जागा म्हणजे पडीक डबकी, त्यावर भराव टाकला की जमीन स्वस्तात मिळते, स्वस्त जमिनीवर स्वस्त घरं होतात, पक्ष्यांसाठी तळं दुसरीकडे खोदता येतं आणि याला विरोध करणारे गरिबांच्या घरांवर उठले आहेत.

“उन्हाळ्यात कोरडी पडते, मग पाणथळ कसली?” 1971 च्या रामसर कराराच्या (पाणथळ जागा जपण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) व्याख्येत कायम आणि तात्पुरत्या, नैसर्गिक आणि मानवनिर्मित अशा सगळ्या पाणथळ जागा येतात. पावसाआधी रिकामी असते म्हणूनच ती पुराचं पाणी पोटात घेऊ शकते. एक हेक्टरवर अर्धा मीटर पाणी साचलं तर ते 50 लाख लिटर होतं. ती जागा बुजवली की तेवढं पाणी शेजारच्या सखल वस्तीत शिरतं. सेकंदाला 100 लिटर उपसणारा पंप ते काढायला जवळपास 14 तास घेतो. आणि सखल वस्तीत कोण राहतं, हे मेसेज लिहिणाऱ्यालाही ठाऊक असणार.

आता खरा घातक मुद्दा: भराव टाकला की घर स्वस्त. एक हेक्टरवर दोन मीटर भराव म्हणजे दाबून बसलेली 20,000 घनमीटर माती. डंपरमध्ये दहा घनमीटर धरले तरी दोन हजार खेपा, आणि सुटी माती दबते म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. हा भराव खालच्या मऊ चिकणमातीवर दर चौरस मीटरला साधारण साडेतीन टन वजन टाकतो. त्या वजनाने चिकणमातीतलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि जमीन बसत जाते. पाण्याला बाहेर पडायचं अंतर दुप्पट झालं की लागणारा वेळ चौपट होतो. जाड थरात हे वर्षानुवर्षं चालतं. पाण्याला जवळची वाट मिळावी म्हणून दीड-दोन मीटर अंतरावर उभ्या निचरा-पट्ट्या खोलवर घालून, वर जादा मातीचं ओझं ठेवून काही महिने थांबलं तर जमिनीचं बरंचसं खचणं आधीच उरकता येतं. पण त्याला पैसा आणि वेळ लागतो, आणि ‘स्वस्त’ योजनेत पहिली काटछाट इथेच होते.

मग इमारत पाइलवर, म्हणजे खोल घट्ट थरापर्यंत नेलेल्या खांबांवर, उभी राहते आणि भोवतालची जमीन खाली जाते. खचणारी माती पाइललाही खाली ओढते. हे ओझं हिशेबात धरलं नसेल तर इमारतही हलते. पहिल्या पायरीखाली फट पडते. प्लिंथमधून (इमारतीच्या जोत्यातून) बाहेर येणारा सांडपाण्याचा पाइप भिंतीलगतच्या सांध्यावर तुटतो. सांडपाण्याच्या दोन चेंबरमधल्या दहा मीटर पाइपला 1:100 उतार म्हणजे जेमतेम दहा सेंटीमीटर. वरच्या अंगाचा चेंबर तेवढा जास्त खचला की उतार संपला, आणि मैला तळमजल्याच्या मोरीत वर येतो. तोवर बिल्डर निघून गेलेला असतो. दुरुस्तीची वर्गणी हप्ते फेडणाऱ्यांच्या डोक्यावर पडते. म्हणजे विक्रीची किंमत कमी ठेवली आणि उरलेला खर्च नंतर गरिबाकडूनच काढला. याला परवडणारं घर म्हणत नाहीत.

“तळं दुसरीकडे खोदू.” 2012 मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ या विज्ञान-नियतकालिकात जगभरातल्या 621 पुनर्निर्मित व नव्याने केलेल्या पाणथळ जागांचा अभ्यास आला. शंभर वर्षांनंतरही त्यांतली जीवसृष्टी मूळ जागांच्या तुलनेत सरासरी 26 टक्के आणि मातीतली कार्बन-पोषकद्रव्यांची प्रक्रिया 23 टक्के कमी होती. आणि उभ्या काठांचा खड्डा म्हणजे पाणथळ नव्हे. काठ उथळ हवा, पाण्याची पातळी ऋतूनुसार बदलायला हवी. शिवाय टेकडीवरचं तळं खोऱ्यातला पूर झेलणार कसं?

डासांचं म्हणाल, तर डेंग्यू पसरवणारा एडिस डास कुंड्या, टायर, पिंप अशा साठलेल्या पाण्यात वाढतो. सांडपाणी सोडलेल्या पाणथळीत क्युलेक्स जातीचा डास होतो, हे खरं. तिथे सांडपाणी बंद करायचं असतं.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. सर्वेक्षण न करता नकाशावर पाणथळीच्या हद्दीची जाडजूड रेघ ओढली की कोरडी, बांधण्याजोगी जमीनही अडकते आणि घरांचे भाव चढतात. शेजारी स्वस्त घरं नकोत म्हणून पर्यावरणाचं नाव पुढे करणारे सुखवस्तू लोकही असतात. पण त्यावर उपाय सीमा नीट आखणं हा आहे. पाहणी पावसाळ्याच्या अखेरीस करा, उन्हाळ्यात नव्हे. वीतभर-दीडवीत खणून बघा: राखाडी मातीत तांबूस, गंजासारखे डाग दिसले तर तिथे पाणी दीर्घकाळ तुंबतं.

मग राहिली जागा. दहा हेक्टरपैकी चार पाणथळ आणि तिच्या काठासाठी सोडले, आणि 600 घरं हवी आहेत, असं धरू. उरलेल्या सहा हेक्टरवर हेक्टरी 100 घरं येतात. भिंती-जिना धरून प्रत्येकी 65 चौरस मीटर, तळ अधिक तीन मजले: इमारतींखाली हेक्टरमधली 16 टक्के जमीन जाते. रस्ते, मोकळी जागा सगळं बसतं. लिफ्टचा खर्चही नाही, फक्त तळमजला वृद्धांसाठी राखा.

बहिणीला एवढंच सांगितलं: बुकिंगआधी जमीन-तपासणीचा बोअरहोल अहवाल (खोल भोक पाडून खालचे मातीचे थर तपासल्याचा) माग, भराव कोणत्या वर्षी टाकला ते विचार, आणि निचऱ्यासाठी काय केलं ते लेखी घे. शक्य असेल तर जोरदार पावसानंतर दुसऱ्या दिवशी जागेवर जाऊन ये.