‘स्वतः आंघोळ करतात, म्हणजे स्मृतिभ्रंश नाही’: या समजाचा प्रतिवाद

व्हॉट्सॲपवर वारंवार फिरणाऱ्या एका संदेशाचे म्हणणे असे: माणूस स्वतः आंघोळ करतो, जेवतो, तोवर त्याला स्मृतिभ्रंश नाही, शंका आलीच तर ३० गुणांची स्मरणचाचणी पुरे, घरचे वाढवून सांगतात, त्यांच्यावर विसंबू नये. अशा समजांमुळे निदान लांबते, म्हणून तिन्हींचे उत्तर द्यायला हवे.

पहिल्या विधानात आजाराचा क्रमच उलटा मांडला आहे. आंघोळ, कपडे, शौच, उठणे-बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण या सहा मूलभूत क्रियांची अमेरिकी डॉक्टर कॅट्झ यांची मोजपट्टी १९६३ची आहे; परंतु अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, या क्रिया बहुधा उशिरा ढासळतात. त्याआधी हिशेब, औषधांच्या वेळा, फोन, बाजारहाट, एकट्याने प्रवास हे गुंतागुंतीचे व्यवहार अडखळू लागतात, आणि १९६९मध्ये लॉटन व ब्रोडी या अमेरिकी संशोधकांनी आपल्या मोजपट्टीत याच प्रकारचे व्यवहार घेतले. आयुष्यभर घरखर्च चोख सांभाळलेल्या आजी एकच वीजबिल पुन्हा भरायला निघत असतील, तर त्या स्वतः आंघोळ करतात याने काहीच सिद्ध होत नाही.

३० गुणांच्या चाचणीचा, म्हणजे १९७५च्या एमएमएसईचा (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन), उपयोग निश्चित आहे. मात्र तिच्यावर शिक्षणाचा मोठा प्रभाव पडतो. निवृत्त प्राध्यापक आजार सुरू झाल्यावरही चांगले गुण मिळवू शकतात, आणि शाळेत न गेलेली, पण शेती व घर नीट चालवणारी बाई कमी गुणांमुळे आजारी ठरू शकते. याच अडचणीमुळे १९९०च्या दशकात हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण ज्येष्ठांसाठी चाचणीची हिंदी आवृत्ती तयार झाली आणि तिच्या जोडीला दैनंदिन क्षमतांची वेगळी प्रश्नावलीही आली. गावात वाट चुकते का, नुकतेच जेवल्याचे विसरून पुन्हा जेवण मागितले जाते का, असे त्यातले प्रश्न होते. भारतीय घरांत हेच विचारायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

तिसऱ्या विधानात थोडे तथ्य आहे. थकलेल्या सुनेला अवस्था आहे त्याहून वाईट वाटू शकते, तर पतीच्या चुका मुकाट्याने सावरणाऱ्या पत्नीकडून ती कमी सांगितली जाते. तरीही घरच्यांना वगळता येत नाही, कारण अनेक रुग्णांना स्वतःची घसरण जाणवतच नाही. उपाय नेमक्या प्रश्नांत आहे. ‘बाबा कसे आहेत?’ असे न विचारता, ‘गोळ्या ते स्वतः काढून घेतात, की कोणी हातात देते? वर्षापूर्वी कसे होते?’ असे विचारावे. ज्यांनी जन्मात कधी स्वयंपाक केला नाही, त्यांना तो येत नाही ही घसरण नव्हे. दैनंदिन कामांबद्दलच्या फेफर यांच्या १९८२च्या प्रश्नावलीत ‘कधी केले नाही, पण आता करू शकतील’ आणि ‘कधी केले नाही, आता करायला अडचण येईल’ असे वेगळे पर्याय त्यासाठीच ठेवलेले आहेत. गुडघेदुखीने बाजार सुटला की विसरण्याने, हेही प्रत्येक नोंदीत लिहिलेले असावे.

मात्र बिघाड महिन्यांत नव्हे, तर दोन-चार दिवसांत झाला असेल, तर मोजपट्टी बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांना गाठावे. लघवीचा संसर्ग, नवे औषध किंवा शरीरातील पाण्याची कमतरता यांमुळेही असा गोंधळ होतो आणि वेळीच उपचार झाले तर तो बहुधा ओसरतो.